पाठमोरी फेरी

चौतीस वर्षं गेटकाकांनी शहरातल्या कालव्याची सहा दारं उघडली आणि मिटली. मग ते निवृत्त झाले आणि घरी बसले, म्हणजे खरं तर काकूंच्या डोक्यावर बसले. आधी त्यांनी घरातले सगळे नळ तपासले. मग बिजागऱ्यांना तेल घातलं. मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. त्या दिवशी अर्धा तास साखर शोधल्यावर काकूंनी हात टेकले.

"अहो, जीव तुमचा कालव्यापाशी आणि देह माझ्या ओट्यापाशी. दोन्ही एका जागी न्या बघू एकदाचे!"

तेवढ्यात शहराच्या वारसा विभागाला माहिती सांगणारा माणूस हवा असल्याचं कळलं. लोकांना जुन्या शहरातून गोल फेरी मारून आणायची. गिरणीच्या चौकातून निघायचं, नदीकाठाने वर बंधाऱ्यापर्यंत जायचं. तिथे नदीतून कालवा निघतो. त्याच्या काठाने सहा दारं बघत खाली उतरायचं. कालवा चौकामागे पुन्हा नदीला मिळतो, की झाली फेरी पुरी. ही तर काकांची रोजची वाट! काकूंनी अर्ज स्वतः नेऊन दिला.

रविवारी सकाळी परीक्षा होती. नऊ माणसं जमली होती आणि विभागाच्या मॅडम हातात छापील कागद घेऊन उभ्या होत्या. काका पास झाले तर बिल्ला मिळणार होता. नापास झाले तर प्रत्येक दारापाशी बटण दाबलं की बोलणारी एकेक पेटी बसणार होती. काकांना ते फार लागलं होतं. "माझ्या दारांविषयी डबडं बोलणार?" असं ते आठवडाभर म्हणत होते. अगदी झोपेतसुद्धा, असं काकूंचं म्हणणं.

पण नदीकडच्या पुलाला दोरी बांधलेली होती. कठड्यांचा रंग ओला होता.

"काही बिघडत नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "फेरी गोलच आहे. उलट्या बाजूने जाऊ. परत येईपर्यंत रंग वाळेल."

"हो की," काका म्हणाले, पण त्यांचे पाय अजून पुलाकडेच वळलेले होते. पाणी वरून खाली जातं आणि काकाही पाण्याबरोबर वरून खाली येत. शेवटच्या दारापासून घर हाकेच्या अंतरावर होतं, मग पुन्हा उलटं चढायला कोण जातंय? चौतीस वर्षांत एकदाही ते त्या बाजूने चालले नव्हते.

पहिल्याच थांब्यावर व्हायचं ते झालं. समोर सहावं दार होतं आणि काका ठसक्यात म्हणाले, "मंडळी, हे पहिलं दार."

काकू खोकल्या.

"म्हणजे सहावं. याच्या डाव्या हाताला रंगाऱ्यांची जुनी वखार..." काकांनी डावा हात केला. डाव्या हाताला नुसतं पाणी होतं. दोन बदकं त्यांच्याकडे बघत होती.

"वखार बुडाली वाटतं," फेरीला आलेला शिंपी म्हणाला आणि सगळे हसले. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ओळखीची भिंत अनोळखी दिसत होती, ओळखीचा जिना भलत्याच बाजूला गेला होता. रोज भेटणाऱ्या माणसाने आज ओळखच देऊ नये, तसं झालं होतं.

मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, ते गर्रकन वळले आणि पाठमोरे चालायला लागले. आता नजरेसमोर सगळं जागच्या जागी होतं. वखार, तिची तिसरी खिडकी, खिडकीखालचा लोखंडी आकडा. काकांची जीभ सुटली. एकदा दारात अडकलेला पियानो, दार उघडायला उशीर झाला म्हणून तीन दिवस अबोला धरणारी धोबीण, एकेक किस्सा धो धो यायला लागला.

"अहो, पायरी!" काकू ओरडल्या आणि त्यांनी मागून शर्टाची शिवण धरली. "आता उजवीकडे. माझ्या उजवीकडे नव्हे, तुमच्या! कालव्यात पडलात तर मी काढणार नाही, सांगून ठेवते."

"शिवणीला ओढू नका, काकू," शिंपी म्हणाला. "उसवली तर माझ्याकडेच याल."

थोड्याच वेळात निम्मी मंडळी हौसेने पाठमोरी चालत होती. समोरून येणारा एक सायकलवाला उतरून बाजूला उभा राहिला आणि ही वरात जाईपर्यंत तोंड उघडं टाकून बघत राहिला.

पाचव्या दारापाशी, कालव्याच्या वळणावर, दगडी कमानीचा पूल आहे. काका बोलत बोलत खालून गेले. शिंपी मात्र कोपऱ्यावर थांबला. "काका, हे कसलं हो?"

कमानीच्या खालच्या अंगाच्या, म्हणजे पाणी वाहत जातं त्या बाजूच्या कोपऱ्यावर, गुडघ्याच्या उंचीला, दगडात बोटभर खोल खाचा होत्या. सात-आठ असतील. गुळगुळीत. काका बघतच राहिले. रोज ते वरून यायचे, त्यामुळे हा कोपरा कायम त्यांच्या पाठीमागेच राहिलेला.

मॅडमनी पेन उघडलं. नऊ माणसं काकांच्या तोंडाकडे बघायला लागली. काही सांगितलं असतं तरी चाललं असतं, कुणाला कळणार होतं?

"माहीत नाही," काका म्हणाले. "मी हे आजच बघतोय."

"काका, परीक्षेत असं म्हणतात का?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, दार किती उघडलंय ते माहीत नसताना माहीत आहे म्हटलं, तर खालच्या गल्लीत लोकांच्या घरात पाणी शिरतं. तोंडाला ती सवयच नाही."

काकूंनी धरलेला शर्ट सोडला. आता बिल्ला गेलाच, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

काका मात्र खाली बसले आणि खाचांत बोट फिरवायला लागले. शिंपीही शेजारी उकिडवा बसला आणि आपल्या तर्जनीची कड दाखवून म्हणाला, "दोरा रोज एकाच जागी घासला की अशीच चीर पडते बघा."

"दोरी!" काका म्हणाले. "नावा! खालून नदीतनं भरलेल्या नावा वर ओढून आणत असतील. ओढणारी माणसं वळणापुढे गेली की दोरी या कोपऱ्यावर घासणार. आणि खाली जाताना ओढायला लागतंय कशाला? म्हणून त्या बाजूला खाचा नाहीत." मग चटकन थांबून म्हणाले, "असं मला वाटतं. लिहिताना वाटतं म्हणूनच लिहा."

मॅडम स्वतःच वाकून बोटं घालून बघत होत्या. "आमच्या फायलीत हे नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या रविवारी परीक्षेला आलेले गृहस्थ प्रत्येक दगडावर आपल्या मनाने एकेक राणी बसवत होते."

चौकात परत आल्यावर त्यांनी कागद पुरा केला. 'क्रम बरोबर' यापुढे त्यांनी सरळ फुली मारली. काकूंनी डोळे मिटले. मग मॅडमनी पिशवीतून बिल्ला काढला आणि काकांच्या शर्टाला लावला. "एक रविवार सरळ, एक रविवार उलट. पण उलट जाताना तोंड पुढे ठेवून, काका. तेवढं शिकून घ्या."

काकूंचा जीव भांड्यात पडला. शिंप्याने सगळ्यांना चहाला चला म्हटलं. टेबलं जोडली, कप आले, आणि मग काकूंच्या लक्षात आलं की ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते जागेवर नाहीत.

काका चौथ्या दाराच्या खालच्या अंगाला वाकून उभे होते. तिथे काहीच नव्हतं, नुसतं कोळ्याचं जाळं होतं. तेही त्यांनी चष्मा पुसून नीट बघून घेतलं आणि तिसऱ्याकडे निघाले.