बंदुकीच्या तोंडी पुरणाचा घास

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला बोलण्याची सवय नाही. माझा आवाज निघतो तो एकदाच आणि फार मोठ्यानं. त्यामुळे ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, याची मलाच शंका आहे. मी बारा बोअरची एकनळी बंदूक. वय पस्तिशीच्या पुढे, म्हणजे बंदुकीच्या मानानं म्हातारीच. मुक्काम नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं एक लहान गाव. माझं बोलणं जरा पुस्तकी वाटलं तर हसू नका. आयुष्याची एकतीस वर्षं मी पुस्तकांच्या कपाटात काढली आहेत.

माझी नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. ज्या कारागिरानं तो दस्ता तासला, त्याच्या अंगठ्याचा दाब मला अजून आठवतो, पण त्याचं नाव मला माहीत नाही. कारखान्यातून मी अकोल्याच्या एका दुकानात आले. काचेमागे उभी असताना लोक माझ्याकडे कौतुकानं बघत आणि मी मनातल्या मनात फुगून जात असे. तेव्हा मी तरुण होते आणि मला काहीच कळत नव्हतं.

तिथून मला धर्मपाल यांनी घेतलं. ते फौजेतून नुकतेच निवृत्त होऊन गावी शेती करायला आले होते. पिकाच्या राखणीसाठी त्यांना परवाना मिळाला होता. त्यांनी मला हातात घेतलं, पण माझ्या चकाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मधून मोडून उघडलं, काडतुसाची जागा रिकामी आहे ना ते पाहिलं आणि मग नळी डोळ्याला लावून तिच्यातून आभाळ पाहिलं. पुढं एकतीस वर्षं, मला हातात घेताना त्यांनी हे न चुकता केलं. घरात त्यांच्याशिवाय दुसरं कोणी मला हात लावणारं नसतानाही केलं. सुरुवातीला मला राग यायचा. काल तर तुम्हीच पुसून ठेवलं, मग आज हा संशय कशाला? तो संशय नव्हता, हे कळायला मला फार वर्षं लागली.

त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाला दोन कुलपं होती. मी एका कप्प्यात, काडतुसं दुसऱ्या कप्प्यात. निवडणूक आली की मला पोलीस ठाण्यात जमा व्हावं लागे. तिथं आम्ही सगळ्या बंदुका गळ्यात चिठ्ठ्या बांधून ओळीनं उभ्या राहत असू. एकदा त्याच वेळी धर्मपाल आजारी पडले आणि मला परत न्यायला सात महिने कोणी आलं नाही. ओलीनं माझ्या अंगावर गंज चढला. घरी आल्यावर त्यांनी तीन दिवस तेल आणि चिंध्या घेऊन मला घासलं. चिडले मात्र स्वतःवरच.

मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्यांची मुलगी रश्मी अमरावतीला नोकरी करते, तिला बंदूक नको होती. त्यांच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून साधनाचं शेत आहे. तिचा नवरा नितेश अकोल्याला कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणारा. चार एकर तूर आणि सोयाबीन ती एकटी सांभाळते. रोही, म्हणजे ज्याला तुम्ही नीलगाय म्हणता, त्यांचे कळप तिची तूर शेंड्यापासून खाऊन जात. तिनं स्वतःच्या नावानं परवान्याचा अर्ज केला. पोलिसांची चौकशी, दाखले, अमरावतीच्या चकरा यांत वर्ष गेलं. शेवटी परवाना आला आणि रीतसर परवानगीनं मी साधनाच्या घरी गेले.

घरी गेले खरी, पण धर्मपालांनी तिला पहिले दहा दिवस काडतूस दाखवलंच नाही.

"काका, रिकाम्या बंदुकीनं रोही पळतीन का?" तिनं वैतागून विचारलं.

"नाई पळत. पण तू तर जित्ती राहशीन," ते म्हणाले.

त्या दहा दिवसांत तिनं काय काय केलं सांगू? मला उघडायची, नळीतून आभाळ दिसतं का ते पाहायचं आणि मिटायची. चालताना माझं तोंड जमिनीकडे ठेवायची, माणसाकडे कधीच नाही, गमतीतसुद्धा नाही. बोट चापावर न ठेवता बाजूला लाकडावर ठेवायची. तारेचं कुंपण आलं की मला उघडून आधी पलीकडे ठेवायची आणि मग स्वतः जायची. काडतुसं तिनं तांदळाच्या डब्यात ठेवायचं म्हटलं तर काकांनी तिला नवं कुलूप आणायला लावलं. रोही मारायचे नव्हते, नुसता आवाज करून पळवायचे होते. तरी ते तिला हवेत बार काढू देत नसत. "वर गेलेला छर्रा खाली येतेच. कोणाच्या डोक्यावर येईन हे तुले मालूम आहे का?" असं म्हणून त्यांनी विहीर खोदताना निघालेल्या मातीचा उंच ढीग दाखवला. बार काढायचा तो त्या ढिगात.

साधना शिकली. माझ्यापेक्षा लवकर शिकली. तिचं हे शांत, न थकता शिकणं पाहून मला तिच्याबद्दल जो आदर वाटला, तो तिला कधी सांगता आला नाही.

नितेश पहिल्या रविवारी आला आणि मला खांद्यावर घेऊन त्यानं फोटो काढला, मोबाइलच्या स्टेटसला लावला. कोणीतरी सांगितलं असावं, दहा मिनिटांत काकांचा फोन.

"नितेश, ते स्टेटस काढ पयले. घरात बंदूक आहे अन् आई-बायको दोघीच राहतेत, हे साऱ्या गावाले काहून सांगून राहिला?"

त्यानं फोटो काढून टाकला, पण साधनाला टोमणा मारलाच. "काय वं, आता मले तुह्या परवानगीनं हात लावा लागते का?"

"माह्या नाई, सरकारच्या," ती म्हणाली. "परवान्यावर माहं नाव हाय. तुमी हात लावला तर ठाण्यात मी जाईन."

मग दसरा आला. साधनाची सासू मैनाबाई. साधना तिला आत्याबाई म्हणते. मोठी मायाळू बाई. दसऱ्याला घरातली अवजारं पुजायची म्हणून तिनं पाटावर विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप मांडला आणि मलाही मागितलं. साधनानं मला उघडून, रिकामी आहे हे पाहून, मिटून पाटावर ठेवलं आणि पोळ्या पाहायला ती चुलीकडे गेली.

मित्रांनो, माझी पूजा त्याआधी कधी झाली नव्हती. धर्मपालांच्या घरी त्या दिवशी बुद्धवंदना असे, बंदुकीची पूजा नसे. मैनाबाईनं मला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल घेतलं आणि एकदम थांबली. तिच्या मनात काय आलं कोण जाणे. ती माझ्याशीच बोलायला लागली.

"पोळ्याले बैलाले आपन घास भरवतो का नाई? मंग तू बी तं आमच्या शेतासाठीच राबून राहिली. घे माय, खाय."

पुरणाचा एक गोळा तिनं माझ्या तोंडात ठेवला, सांडू नये म्हणून अंगठ्यानं आत सारला आणि वर फूल खोचलं.

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मला लोक घाबरतात किंवा माझ्याबरोबर फोटो काढतात. जेवायला कोणी विचारलं नव्हतं. त्या आनंदात पुढं काय होऊ शकतं हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. आणि लक्षात येऊनही मी काय करणार होते? मला सांगता कुठं येतं!

संध्याकाळी साधनानं फूल काढलं, कुंकू पुसलं, मला उघडून काडतुसाची जागा रिकामी आहे हे पाहिलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. नळीतून तेवढं पाहिलं नाही. घरात पाहुणे होते, ती दिवसभर उभी होती. माझ्या तोंडातलं पुरण वाळत गेलं, घट्ट होत गेलं. नळी बंद असताना बार काढला तर छर्ऱ्याला वाट मिळत नाही, नळी फुटते. पोलादाचे तुकडे उडतात. माझा पुढचा भाग ज्या डाव्या हातात असतो तो साधनाचा, आणि तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर. दोन दिवस त्या अंधारात मी दुसरा विचार केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता, दसऱ्यासाठी आलेला नितेश धावत घरात आला. "रोही! तुरीत आठ-दहा रोही हायेत! काढ लवकर!"

साधनानं दोन्ही कुलपं उघडली. मला आणि दोन काडतुसं घेऊन ती शेतात पोचली. रोही आरामात तुरीचे शेंडे खात होते. ती मातीच्या ढिगासमोर उभी राहिली, मला उघडलं आणि काडतूस बोटांत घेतलं.

"अवं घाल ना! अर्धी तूर गेली!" नितेश ओरडला.

काडतूस माझ्या नळीच्या मागच्या टोकाशी आलं. त्याचं पितळ मला लागलं, थंडगार. आणि तिचा हात थांबला.

"काय झालं?"

"थांबा."

"काय थांबा? परवा तं पुसली तुनं!"

"पुसली. पाह्यली नाई."

"तू पायतच बस, तोवर रोही घरी येऊन चहा पेतीन! दे इकडं, मी मारतो."

तिनं दिली नाही. काडतूस खिशात टाकलं, मला उगवतीकडे धरलं आणि डोळा नळीला लावला. मी आयुष्यात इतकी वाट कशाचीच पाहिली नव्हती.

"आभाळ नाई दिसत," ती हळूच म्हणाली.

"ऑं?"

"नळीतून आभाळ नाई दिसून राहिलं. आत काही हाय. तुमी डबा वाजवा."

नितेश शिव्या देत विहिरीजवळचा पत्र्याचा डबा घेऊन बडवत पळाला. रोही गेले, पण आपल्या चालीनं गेले. तोवर तुरीची तीन तासं, म्हणजे तीन ओळी, फस्त झाली होती. तो तावातावानं परत आला, तेव्हा तिनं त्याला नळीतून पाहायला लावलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग धुऱ्यावर खाली बसला.

"मी तं म्हणत होतो, दे, मी मारतो," तो म्हणाला. पुन्हा तेच म्हणाला.

साधनानं शेतातली काडी घेऊन मला टोकरलं नाही. घरी आणलं, काडतुसं आधी कुलपात टाकली आणि मागच्या बाजूनं गज घालून सावकाश ढकललं. वर्तमानपत्रावर एक तपकिरी खडा पडला. जायफळाचा वास आला. मैनाबाई दारातच उभी होती. तिला कोणी काही सांगावं लागलं नाही.

"हे तं माहं पुरण व्हय," ती म्हणाली. "मी सुनेचा जीव घेत होती माय! काढून टाका ती बंदूक घरातून. आजच्या आज काढा."

"आई म्हणते ते बरोबर हाय," नितेशही म्हणाला. "नोको आपल्याले."

साधनानं धर्मपालांना बोलावलं. ते काठी टेकत आले. तिनं त्यांना सगळं सांगितलं आणि मान खाली घालून म्हणाली, "काका, चूक माही हाय. फूल पाह्यलं, काडतुसाची जागा पाह्यली, नळी नाई पाह्यली. अन् पाटावर तिले एकटी सोडली."

मला वाटलं, आता ते रागावणार. त्यांनी तो खडा उचलून डोळ्याजवळ नेला.

"माही बी हाय," ते म्हणाले. "मी तुले कुंपण सांगतलं, चाप सांगतला, पूजेचं सांगतलंच नाई. आमच्या घरी हे होत नाई, तं माह्या ध्यानातच नाई आलं. पण शेतात तुनं पाह्यलं ना? नवरा डोक्यावर ओरडून राहिला, तूर चालली, तरी पाह्यलं. फौजेत मी पोरायले हे शिकवता शिकवता थकलो होतो." मग ते वळले. "वयनी, इकडं या."

"मी? मी नाई येत बाप्पा तिच्याजवळ!"

"तुमालेच या लागते. घरात बंदूक हाय तं घरातल्या सर्व्यायले तिच्या तोंडात काय जाऊ नये हे मालूम पायजे. तुमी चालवू नका. हात बी लावू नका. नुसतं पाहा."

साधनानं मला उघडं धरलं. मैनाबाईनं पदर सावरला, एक डोळा मिटला, मग चुकून दुसराही मिटला. साधना हसली. तिसऱ्या वेळी जमलं.

"कवठाचं झाड दिसते," मैनाबाई म्हणाली. "गोल गोल दिसते. अन् त्याच्यावर कावळा बसेल हाय." मग ती सुनेकडे वळली. तिच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून चाचपली, जशी नुकत्या जन्मलेल्या लेकराची चाचपतात. "ठेव तिले," ती म्हणाली. "तुह्याजवळ ठेव."

मित्रांनो, माझी हकीकत एवढीच. तुमच्यापैकी कोणाच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला हात लावू नका. ती रिकामी आहे असं कोणी सांगितलं तरी लावू नका. घरच्या मोठ्यांना बोलवा. आणि तुम्ही मोठे झाल्यावर कधी परवाना मिळालाच, तर लाज न बाळगता प्रत्येक वेळी उघडून पाहा. मागून कोणी कितीही ओरडो, शेतातलं कितीही जावो. मला चकाकी नसली तरी चालेल, पूजा नसली तरी चालेल. माझ्यामुळे आजवर कोणाला इजा झालेली नाही. हे वाक्य मला माझ्या शेवटच्या दिवशीही म्हणता यावं, अशी फार इच्छा आहे. पण ते माझ्या हातात नाही. मला हातच नाहीत. ते मला धरणाऱ्याच्या हातात आहे.