चमचाभर कमी मीठ

"मावशी, म्हातारपण आधी गुडघ्यात येतं म्हणतात. तुमच्या तर थेट जिभेत शिरलं की!" वसतिगृहाचा रखवालदार तेटे ताट पुढे करत म्हणाला. "हा रस्सा आहे की भेंडी धुतलेलं पाणी?"

रांगेतली मुलं खिदळली. माकूमावशीने त्याच्या ताटात मक्याच्या बांकूचा गोळा आपटला आणि वर रस्सा ओतला. "खायचं तर खा, नाहीतर बायकोला सांग रांधायला. अरे हो, ती माहेरी पळालीय नाही का!"

पुन्हा हशा झाला, या वेळी तेटेवर. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. खरं तर ती बोलणी मी खायला हवी होती.

मी या शाळेत विज्ञान शिकवते, मावशी इथल्या वसतिगृहात रांधते. जानेवारीत राजधानी अक्राहून डॉक्टर क्वार्शी आले आणि त्यांनी आमच्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे रक्तदाब मोजले. दर सहा मुलांमागे एकाचा वाढलेला निघाला. मिसरूड न फुटलेली पोरं, आणि रक्तदाब आजोबांचा! डॉक्टरांनी दोन गोष्टी सगळ्यांसमोर सांगितल्या: रोज सकाळी धावायचं आणि जेवणात पपई हवी. तिसरी फक्त मला सांगितली. दर तीन आठवड्यांनी मोठ्या पातेल्यातलं मीठ एक चमचा कमी करायचं, नवावरून पाचावर यायचं. मुलांना किंवा पालकांना कळता कामा नये, नाहीतर पोरं घरून पुड्या आणतील. आमच्या आदा गावाभोवती सगळी मिठागरं. दाराआड मिठाचं पोतं नाही असं घर शोधून सापडणार नाही.

मावशीला पटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

"मिठागरात जन्मलेल्या बाईला तू मीठ कमी घाल म्हणतेस? आणि कुणी विचारलं तर?"

"काही बोलायचं नाही, मावशी."

"म्हणजे नाव माझं जाणार."

"एप्रिलमध्ये डॉक्टर पुन्हा मोजणी करतील, तोपर्यंतच. मग मी स्वतः गावाला सांगेन."

तिने हातातला मासा साफ करून बाजूला ठेवला. तिचा नवरा एक्केचाळिसाव्या वर्षी मिठागरात काम करता करता कोसळला होता. अर्धं अंग लुळं पडलं. चार वर्षं तिने त्याला हाताने भरवलं.

"पोरांचं काळीज शाबूत राहणार असेल तर घालते कमी," ती म्हणाली.

नाव जाणार, हे ती उगीच बोलली नव्हती. आमच्याकडे माणूस गेलं की शनिवारी दोनशे-तीनशे लोक जेवतात. बावीस वर्षं त्या जेवणाचं मीठ माकूमावशी घालत होती. घरातली थोरली बाई सगळ्यांदेखत पळी तिच्या हाती द्यायची, मग दुसरं कुणी पातेल्याला हात लावायचं नाही. मावशीला ना मूल, ना जमीन. गावात तिला मान होता तो त्या पळीपुरता.

पहिला चमचा कमी झाला तेव्हा मुलांनी दंगा केला. दुसऱ्याला कुरकुर केली. तिसऱ्याला तेटेही कंटाळला. चौथ्याला कुणाला काही कळलंच नाही. जिभेला सवय होते, असं मी मावशीला मोठ्या ऐटीत समजावलं. दिवसातून दहादा पातेल्यातलं चाखणारी जीभ कुणाची, हा विचार मात्र माझ्या डोक्यात आला नाही. शिकल्या-सवरल्या माणसाची अक्कल ही अशी.

मार्च संपता संपता अग्बेको म्हातारबा गेले. मावशी खुशीत होती. म्हणजे म्हाताऱ्यासाठी वाईट वाटत होतं, पण शाळेबाहेर तिला कुठलाच हिशेब पाळायचा नव्हता. "आता कळेल त्या तेट्याला, कुणाची जीभ म्हातारी झाली ते," ती मला म्हणाली. पळी हातात घेतली, मीठ घातलं, तळहातावर थेंब घेऊन चाखलं. आणखी एक चिमूट घातली आणि मान हलवली.

पंगत बसली. मग कुणीतरी मिठाचं वाडगं मागितलं आणि ते हातोहात सगळ्या मांडवातून फिरलं. शेजारची जिफा हसत ओरडली, "मावशी, मेलेल्याला मीठ लागत नाही, पण आम्ही अजून जिवंत आहोत हो!"

सगळे हसले. मावशीने पुन्हा तळहातावर रस्सा घेतला, चाखला आणि माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका भेदरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मातेकी, मला बरोबर लागतंय गं."

सांगून टाकावं म्हणून मी उठले, तर तिने माझं मनगट धरलं. "खाली बस. अर्धा मांडव आपल्या पोरांच्या आईबापांचा आहे. मोजणी व्हायचीय अजून."

"पण मावशी, तुमचं नाव..."

"बस म्हणते ना."

बारा दिवसांनी मोजणी झाली. वाढलेले आकडे बऱ्याच मुलांचे उतरले होते. डॉक्टर खुश झाले, मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं. मी दिलेला शब्द पाळला. पालकसभेत सगळं सांगितलं, मावशीला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. तेटेने सर्वांदेखत तिची माफी मागितली. लोक भले होते, त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण अळणी ते अळणीच. जूनमध्ये पुढचा अंत्यविधी आला तेव्हा पळी जिफाच्या हाती गेली. मावशीला कुणी दुखावलं नाही. तिला सावलीत स्टूल दिलं आणि भेंडी चिरायला दिली.

मी तिच्या शेजारीच बसले होते. सकाळपासून मला रडू येत होतं, राग येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

जेवणं सुरू झाल्यावर जिफा पहिलं ताट घेऊन मावशीकडे आली. पहिल्यांदाच एवढं मोठं पातेलं तिने सांभाळलं होतं. "कसं झालंय, मावशी? खरं सांगा हं."

मी आधीच एक घास घेतला होता. मीही रोज शाळेतलंच जेवते. मीठ माझ्या घशाला झोंबत होतं.

मावशीने बांकूचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, सावकाश चावला, गिळला. मग दुसरा घास घेतला.

"झकास," ती म्हणाली. "तुझ्या हाताला चव आहे, पोरी."

जिफाचा चेहरा फुलला. ती पातेल्याकडे परत निघाली आणि ती दूर जाईपर्यंत मावशी तिसरा घास चावत राहिली. मग तिने शेजारचा तांब्या उचलला आणि न थांबता सगळं पाणी प्यायली.