आकडा सदतीस, पाणी एकतीस

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा विचारतो, "ह्यात कपडे भिजवतात का?" मी रागावत नाही. माझे रूपच तसे आहे: स्टीलची चौकोनी टाकी, तळाशी तापणारी पट्टी, तिच्याशेजारी पाण्याची ऊब मोजणारी बारीक कांडी आणि पुढे लाल आकडे. मी औषधांच्या प्रयोगशाळेतला एक जुना वॉटर बाथ आहे. माणसाच्या अंगात असते तेवढी ऊब, म्हणजे सदतीस अंश, पाण्यात राखायची, हे माझे जन्माचे काम.

मला घडवणाऱ्या कारागिराने दिवसभर माझ्यात पाणी भरून ठेवले होते. एक थेंबही गळला नाही, तेव्हा पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "जा, नाव काढ!" पहिली काही वर्षे मी खरोखर नाव काढले. लोक माझ्यापाशी रांग लावत. मग नवी, चकचकीत यंत्रे आली आणि मी बेसिनजवळच्या कोपऱ्यात सरकलो. माझ्यात शुद्ध केलेले पाणी घालायचा नियम होता. पण त्या पाण्याचा कॅन होता लांब, आणि नळ हाताशी. घाई कोणाला नसते? पाणी आटले की नळाचे ओतत. त्यातला क्षार तळाशी साचत गेला. पांढरी खपली पट्टीवरून कांडीपर्यंत पसरली. मला ते जाणवत होते, पण सांगणार कसे?

त्याच दिवसांत इथल्या संशोधक ताई माझ्याकडे आल्या. त्या कर्करोगावरचे औषध तयार करत होत्या. काचसामान धुणाऱ्या मावशींनी एकदा त्यांना विचारलेच, "चार वर्षं झाली ताई, तुम्ही नक्की बनवता तरी काय?"

"एक औषध आहे मावशी, भयंकर जहाल. कर्करोगाच्या पेशी मारतं, पण चांगल्या पेशींनाही सोडत नाही. आणि एक प्रतिपिंड आहे, आपल्या रक्तात असतं तसलं प्रथिन. त्याला रोगट पेशी बरोबर ओळखू येते. मी त्या दोघांची गाठ बांधते."

"म्हणजे द्वाड कार्टं शहाण्या आजीच्या हाती द्यायचं."

"अगदी! रक्तातून जाताना आजीनं हात सोडायचा नाही. रोगट पेशीच्या आत शिरल्यावर मात्र सोडायचा."

"आणि वाटेतच सुटलं तर?"

ताईंचे हसू मावळले. "तर ज्या अंगात सुटेल, त्याची धूळधाण."

ती गाठ पक्की आहे का, हे पाहण्याचे काम माझ्याकडे होते. माणसाच्या रक्तातल्या पिवळसर द्रवात औषध मिसळून ताईंनी नळ्या सात दिवस माझ्या पाण्यात ठेवल्या. आठव्या दिवशी मोजले, तर जहाल औषध गाठीतून जवळजवळ सुटलेच नव्हते. ताईंनी आनंदाने माझ्या पाठीवर हात फिरवला. कितीतरी वर्षांत कोणी फिरवला नव्हता. ताईंचे साहेब म्हणाले, "सोमवारच्या बैठकीत हेच औषध पुढच्या चाचण्यांना पाठवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मला रिकामा करून पुसले, ताजे पाणी भरले आणि आकडा सदतीसवर आल्यावर सहज कोपर बुडवून पाहिले.

"ताई, ह्या पाण्यात मी माझ्या नातीला न्हाऊ घालणार नाही. गार आहे."

"मावशी, आकडा बघा की. सदतीस आहे."

"आकड्याला कातडी असते का?"

ताई हसल्या, पण उठल्या. त्यांनी काचेचा तापमापक माझ्यात धरला. एकतीस. हलवून पुन्हा धरला. एकतीस. मग वाकून तळाशी पाहिले. क्षाराच्या खपलीने कांडी पट्टीला चिकटली होती. मी पाण्याची ऊब मोजतच नव्हतो, पट्टीचीच मोजत होतो. पट्टी तापली की मला वाटे, पाणी तापले.

ताई स्टुलावर बसून आपली नोंदवही चाळू लागल्या. एकतीस अंशांत टिकलेली गाठ माणसाच्या अंगात टिकेलच, असे कोण सांगणार?

"मावशी," त्या हळूच म्हणाल्या, "हे अजून आपल्या दोघींनाच माहीत आहे."

मावशींनी हात पुसले. "मी काय, बाटल्या धुणारी. पण ज्याच्या शिरेत हे जाणार, त्याला आधी कोपर बुडवून बघता येणार नाही हो."

ताईंनी वही मिटली. मग ताई उठून साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडेच होते.

"सर, माझी चाचणी चुकलीय. सोमवारी औषध पाठवू नका."

"चार वर्षांचं काम आहे तुमचं, कळतंय ना?"

"म्हणूनच सांगतेय."

साहेब तरातरा बाहेर आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे धूड आधी भंगारात टाका!"

"त्याचा काय दोष, सर? नळाचं पाणी आम्हीच ओतलं. मीसुद्धा ओतलंय."

मित्रांनो, माझी बाजू घेऊन आजवर कोणी असे बोलले नव्हते. मावशींनी व्हिनेगर घालून दोन दिवस माझी खपली भिजवली आणि अलगद सोडवली. ताईंनी तीच चाचणी खऱ्या सदतीस अंशांवर केली. तिसऱ्याच दिवशी एक तृतीयांश औषध सुटून मोकळे झाले होते. त्या दिवशी ताई माझ्यासमोर रडल्या. पण ते औषध बैठकीतून पुढे पाठवलेले नव्हते आणि कोणाच्या शिरेत गेले नव्हते.

पुढचे आठ महिने त्या नव्या गाठी बांधत होत्या. एक फारच घट्ट निघाली, पेशीच्या आत गेली तरी सुटेना. दुसरी दहा तासही टिकली नाही. पाचवी माझ्या पाण्यात सातही दिवस टिकली, आणि रोगट पेशींच्या आत जाऊन सुटली. आता ती पुढच्या चाचण्यांना गेली आहे. तिथे काय होईल, ते मला ठाऊक नाही. ताईंनाही नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत जे जुने यंत्र निमूटपणे काम करत असेल, त्याला अधूनमधून उघडून पुसा. ते दाखवते ते खरे आहे ना, हे तपासून घ्या. त्यात आमचा अपमान नाही, आमची काळजी आहे. ज्याच्यासाठी माझ्यात नळ्या ठेवतात, तो माणूस मला कधी दिसणार नाही. त्याच्या अंगात जेवढी ऊब आहे तेवढीच माझ्या पाण्यात राहू द्या.