झाकण उचललं की थांबतंय

गणपतरावांचा निरोप आला तेव्हा दस्तगीर मिस्त्री पंख्याची मोटर उघडून बसला होता. निरोप एवढाच, की धुण्याचं मशीन विकायचंय, एकदा बघून जा. पाच आठवडे झाले, ती गल्ली टाळायची म्हणून हा गडी सायकलवरनं लांबचा वळसा घालत होता. आता त्याच गल्लीत पिशवी घेऊन जायचं होतं.

गणपतरावांचा पोरगा कृष्णात मस्कतला नोकरीला. गेल्या वर्षी त्यानं आईसाठी तिकडनं मशीन पाठवलं. गल्लीतलं पहिलंच, त्यामुळं चार दिवस बघायला बायकांची ही झुंबड! जोडून दिलं दस्तगीरनं आणि चालवायला शिकवलंही त्यानंच. कृष्णातची आई बनाबाई, पण अख्खी पेठ त्यांना आक्काच म्हणायची. निम्म्या पेठेची पोलकी त्यांच्या हातची. शिलाई मशीनवर तीस वर्षं काढलेली बाई, पण या नव्या धुडाला भ्यायची. म्हणून दस्तगीरनं टब गरगर फिरत असताना झाकण वर उचलून दाखवलं. खाट्‌कन वीज तुटली, ब्रेक लागला, टब जागच्या जागी थांबला.

"बघितलंसा, आक्का? झाकण उचललं की थांबतंय. भ्यायचं कामच न्हाय."

आक्कांचा विश्वास बसला. बसणारच की, मिस्त्री सांगत होता.

मग गौरी-गणपतीच्या तोंडावर मशीन मधेच बंद पडायला लागलं. दस्तगीर आला, त्यानं मागचा पत्रा काढला, आणि झाकणाच्या स्विचची वायर कधी धरतीय, कधी सोडतीय हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. पण नेमकी कुठं तुटलीय ते शोधायचं तर वरचं सगळं सोडवावं लागणार. दोन तासांची कटकट. बाहेर आणखी तीन ठिकाणची कामं खोळंबलेली. त्यानं काय केलं, स्विचकडं जाणाऱ्या दोन्ही वायरी मागच्या मागं एकमेकींना जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली. स्विच गेला बाजूला; आता झाकण उचललं तरी टब थांबणार नव्हता. मशीन न थांबता चालायला लागलं. येत्या शुक्रवारी नवी वायर घालू, असं त्यानं मनाशी ठरवलं. आक्कांना मात्र एका शब्दानं बोलला नाही. त्यांनी दिलेला चहा पिऊन गेला.

माणूस वाईट नव्हता हो. पण हात कबनूरच्या यंत्रमागांवर तयार झालेला. बारा वर्षं तिथं फिटर होता. धागा तुटला की माग थांबवणारा एक काटा असतो. तो उगाच सारखा माग थांबवायला लागला की मालक शिव्या घालायचा, आणि फिटर तो काटा सुतळीनं बांधून मोकळा व्हायचा. फार तर हातभर कापड वाया जायचं. असे किती काटे त्यानं बांधले असतील, त्याला मोजदाद नाही. थांबवणारी वस्तू म्हणजे कामातली खोडी, हे त्याच्या हातात भिनलं होतं. तो शुक्रवार आला आणि गेला, वायर काही पडली नाही.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको हुसेनबी पोलकं आणायला आक्कांकडं गेली ती रिकाम्या हातानं परत आली.

"आक्कांचा हात मशिनीत गावला. फिरत्या टबातल्या लुगड्यानं वढून घेतला. दोन बोटं मोडली. गणपतआण्णा म्हणत्यात, बाईचं चित्तच ठिकाणावर न्हाय हल्ली."

दस्तगीर भरल्या ताटावरनं उठला. त्यानं हुसेनबीलाही काही सांगितलं नाही.

आज तो दारात उभा राहिला तेव्हा पहिल्यांदा दिसली ती बाहेरच्या सोप्यातली शिलाई मशीन. दोरीनं बांधून ठेवलेली, वर गोणपाट.

"भाचीला देऊन टाकतोय," गणपतराव म्हणाले. "सांजच्याला येतीया न्यायला. हिला आता कशाला? उद्या सुई बोटात घुसवून घेईल."

आक्का उंबऱ्याशी बसल्या होत्या. उजव्या हाताला पट्टी. डाव्या हातानं त्या लसूण सोलत होत्या, आणि पाकळी सारखी निसटत होती. "ये दस्तगीर," एवढंच म्हणाल्या. त्याला त्यांच्याकडं बघवेना. न्हाणीघराच्या बाजूला मशीन चादरीखाली झाकून ठेवलं होतं, अपघातापासनं कुणी हात लावला नव्हता. तो तडक तिकडंच गेला.

प्लग काढून मागचा पत्रा उघडला. समोर त्याचीच काळी टेप, त्याच्याच हातची गाठ. त्यानं ती चाकूनं कापून खिशात टाकली. मग स्विचची वायर दोन्ही टोकांनी मोकळी करून बॅटरीच्या छोट्या दिव्याला जोडली. दिवा लागला. झाकण उचललं, मिटलं. वायर बिजागरीपाशी वाकली तसा दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. तिथं चिमटीत धरून वरचं कव्हर सोललं तर आतल्या केसासारख्या तांब्याच्या तारा सगळ्या तुटलेल्या. रोजच्या वाकण्यानं. बाहेरनं वायर अगदी धडधाकट! त्यानं नवी मऊ वायर घातली, बिजागरीपाशी ताण पडू नये म्हणून थोडी सैल सोडली. दोन तास लागतील म्हणून टाळलेलं काम पाऊण तासात झालं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला.

प्लग लावून टब फिरवला, झाकण उचललं. खाट्‌कन थांबला.

आता पत्रा बसवायचा, पिशवी उचलायची आणि सुटायचं. कापलेली टेप खिशातच होती. कुणाला कळणार होतं?

तेवढ्यात गणपतराव येऊन मागं उभे राहिले. त्यांनी स्वतः दोनदा झाकण उचलून बघितलं आणि मोठ्यांदा हाक मारली, "अगं ए, हिकडं ये! बघ डोळ्यांनी. मशीन चांगलं हाय. झाकण उचललं की थांबतंय. तूच दम न धरता फिरत्यात हात घातलास, आणि म्हणं थांबलंच न्हाय!"

आक्का आल्या. डाव्या हातानं त्यांनी थांबलेला टब चाचपला. "मला वाटलं, झाकण उचलून मी दम धरला हुता," त्या हळू बोलल्या. "रोजच्यागत उचललं, दाराकडं वळून दूधवाल्याला हूं म्हटलं, मग न बघताच हात घातला. पण न्हाई धरला वाटतं. माझंच डोस्कं फिरलंय. देऊन टाका ती शिलाई मशीन."

लपवायला म्हणून केलेली दुरुस्तीच आता आक्कांच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली होती.

"आण्णा, थांबा." खिशातली टेप दस्तगीरनं काढून मशीनवर ठेवली. "आज थांबतंय. त्या दिवशी थांबत न्हवतं. मी स्विच काढून वायरी डायरेक्ट जोडल्या हुत्या. आक्कांना सांगितलं न्हाय. मी शिकवलंतं तसंच त्यांनी केलं. चूक माझी हाय, निव्वळ माझी. पाच आठवडे मी तोंड लपवून फिरतोय."

गणपतराव असे काही उखडले की शेजारच्या खिडक्या उघडल्या. "घरचा माणूस समजत हुतो रं तुला! पोलिसात देतो तुला, थांब!"

"तुमी गप बसा," आक्का म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण गणपतराव गप्प बसले. त्या दस्तगीरकडं वळल्या. "म्हंजे मशीनच थांबलं न्हवतं?"

"व्हय, आक्का."

"मला बरोबर आठवत हुतं?"

"बरोबर आठवत हुतं."

आक्कांचे डोळे भरून आले. "मेल्या, हाताचं दुखणं सोसलं रं मी. पण रात्रंदिस वाटायचं, मला वेड लागाय लागलंय. चुलीवर दूध ठेवायची भीती, नातवाला घ्यायची भीती. आणि तुला समदं ठावं हुतं." दस्तगीरनं बाहीनं डोळे पुसले. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आणि तुमी! एकदा तरी म्हणायचं हुतं, बाई खरं बोलत असंल. सोडा ती दोरी."

गणपतराव सोप्यात गेले. गाठ पक्की होती, सोडवता सोडवता त्यांची नखं दुखायला लागली असावीत. आक्का इकडं टेपेच्या तुकड्याकडं बघत होत्या. त्यांचा चेहरा एकाएकी बदलला.

"दस्तगीर, असं आणखी कुणाच्या मशीनला जोडलंयस?"

त्याच्या डोळ्यांपुढं तीन घरं आली. राजारामपुरीत दोन, रुईकर कॉलनीत एक. तिथंही आधी झाकण उचलून दाखवलेलं, भ्यायचं कामच न्हाय म्हणून सांगितलेलं. पाच आठवडे तो आक्कांच्या बोटांवर झुरत होता, आणि ही तीन घरं त्याच्या मनात एकदाही आली नव्हती.

"तीन," तो म्हणाला.

"आज सोमवार. बायकांनी धुणं काढलं असंल. मग हितं माझ्यापुढं रडत काय उभा राहिलायस? पळ की!"

त्यानं पिशवी उचलली आणि पळाला. मागचा पत्रा तसाच भिंतीला टेकलेला राहिला.