त्या दिवशी मी बंद पडलो नाही

मित्रांनो, शाळेच्या सामानखोलीत, गुंडाळलेल्या नकाशांमागं पडलेला मी एक जुना माइक. जाळीवर गंज चढलाय आणि मानेला चिकटपट्टी आहे. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की परभणीच्या दुकानातून एसटीत अवधूत गुरुजींच्या मांडीवर बसून मी झरीच्या पुढच्या या गावी आलो.

गुरुजी इंग्रजी शिकवायचे. वाचताना कुणी शब्द गाळला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "लिहिलंय तेच वाच. मनाचं घालू नको." त्यांनी माझ्यावरून बक्षिसं पुकारली, जत्रेत हरवलेली लेकरं आयांना मिळवून दिली. गुरुजी माइकवर बोलले म्हणजे खरं, असं गाव मानायचं. खोड माझ्यातच होती. वायर सैल! पाहुण्यांचं भाषण रंगात आलं की मी हमखास बंद पडायचो. मग टिचक्या, 'हॅलो, हॅलो', आणि पोरांची खसखस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी परभणीच्या एका कॉलेजची मंडळी फ्रेंच सिनेमा घेऊन आली. भरदुपारी हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या. पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटायची, ती मराठीत सांगायला निवृत्त गुरुजींना बोलावलं होतं. सिनेमा मोठा खट्याळ. मंत्र्यानं बांधलेला पूल महिन्यात कोसळतो. कोर्टात त्याचा वकील म्हणतो, पूल बरोबरच आहे, नदी चुकीच्या जागेवरून वाहते! मग नदीलाच समन्स निघतं. "नदी हाजिर हो!" असा गुरुजींनी पुकारा केला, तेव्हा हॉल हसून लोळला.

दुसऱ्या रांगेतले माणिकराव तेवढे हसत नव्हते. शेजारी त्यांची नववीतली नात साक्षी होती. गावचा नवा बंधारा वर्षात फुटला होता, त्याचा खटला चालू होता. बंधाऱ्यात सिमेंटच्या नावाखाली काय भरलं, हे डोळ्यांनी पाहिलेले माणिकराव एकटेच; कोर्टात त्यांची साक्ष व्हायची होती. बंधारा बांधणारे किशनराव पहिल्या रांगेत बसलेले; शाळेचे अध्यक्षही तेच. सिनेमा आधी पाहून ठेवलेल्या गुरुजींनीच साक्षीला सांगितलं होतं, "आजोबांना आण. धीर येईल त्यांना." कारण सिनेमातही एक म्हातारा नावाडी साक्ष देतो, सगळे त्याची टर उडवतात, आणि शेवटी त्याच्याच शब्दावर मंत्री दोषी ठरतो.

न्यायाधीश निकाल द्यायला उभे राहिले. किशनरावांनी मागं वळून गुरुजींकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. गुरुजींची मुलगी निवेदिता सहा वर्षं याच शाळेत शिकवत होती आणि अजून कायम झाली नव्हती. गुरुजींनी मला ओठांच्या आणखी जवळ धरलं.

"पुराव्याअभावी मंत्रीसाहेबांची सुटका," ते म्हणाले.

मित्रांनो, हजारदा दगा दिलेला मी त्या दिवशी बंद पडलो नाही. शब्द न् शब्द शेवटच्या सतरंजीपर्यंत लख्ख पोचवला. तिथंच सिनेमा संपला.

"आजा, तिथं दोषी लिहिलं व्हतं!" साक्षी कळवळून म्हणाली.

"गप. गुरुजी कशाला लबाड बोलतेल?" माणिकरावांनी टोपी नीट केली. "चल. फ्रान्सात बी असंच हाय म्हणायचं. मंग आपुन कोन लागून गेलो?"

महिन्याभरानं निवेदिताताई कायम झाल्या. शाळेत पेढे वाटले. गुरुजीही आले होते, पण गर्दी टाळून या खोलीत येऊन बसले. तेवढ्यात साक्षी नकाशा न्यायला आली.

"आजा तारखेला गेला न्हाई, गुरुजी," ती म्हणाली आणि नकाशा काखोटीला मारून निघून गेली. तिनं जाब विचारला असता तर बरं झालं असतं. गुरुजींच्या हातातला पेढा तसाच राहिला. मग त्यांनी मला उचललं, ओठांजवळ धरलं आणि हळूच म्हणाले, "दोषी."

माझी वायर तर कधीच काढून ठेवलेली होती. मी सोडून कुणी ते ऐकलं नाही.

बालमित्रांनो, माइकची वायर पिळू नका, जाळीवर टिचक्या मारू नका, त्याला पावसात भिजवू नका. एवढं जपलंत तर तो वर्षानुवर्षं टिकतो. पण कधी माझ्यासारख्यासमोर उभे राहिलात, तर लिहिलंय तेच वाचा. आणि वायर जोडलेली असतानाच वाचा.