शालूचे पाय मी थांबवले

मी एक जुना पहारेकरी आहे. माझ्याकडे काठी नाही, शिट्टी नाही. बदामाएवढा पेशींचा पुंजका आहे मी, शालूच्या मेंदूत, कानाच्या आतल्या बाजूला खोल बसलेला. डॉक्टर मला अमिग्डाला म्हणतात. मित्रांनो, असाच एक तुमच्याही डोक्यात आहे, पण त्याची आठवण कुणाला येते? कौतुक सगळं हृदयाचं.

शालू आईच्या पोटात होती तेव्हाच मी घडलो. माझं काम एकच. धोका ओळखायचा आणि विचारात वेळ न दवडता शरीराला हुकूम सोडायचा. शालू पाच वर्षांची असताना बांधावर तिच्या पायांपुढून घोणस गेली. मी तिला जागच्या जागी थिजवलं आणि घोणस निघून गेली. "पोरगी शहाणी हाय माझी, अजिबात हालली न्हाई," असं आई गावभर सांगत होती. श्रेय शालूला मिळालं, तरी मी सुखावलो. थिजलं की जीव वाचतो, हा धडा मी पक्का केला.

पुढे आमचं गाव पुणे महापालिकेत आलं. शेजारच्या शेतावर संगणक कंपनीची इमारत उठू लागली आणि तिच्यासाठी दिवसभर पाण्याचे टँकर येऊ लागले. गाडी मागे घेताना मंजूळ धून वाजवायची तेव्हा नवी हौस होती. शालू बारा वर्षांची होती आणि तिची बहीण राधा चार. एका दुपारी राधा आमच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला खडी वेचत बसली होती. टँकर धून वाजवत मागे येऊ लागला. शालू तिच्यापासून तीन पावलांवर होती. मी घाबरलो आणि मला येत होतं तेच केलं. शालूचे पाय खिळवले, आवाज बंद केला. तिला साधी हाकसुद्धा मारता आली नाही. राधा गेली.

तेराव्यानंतर आई एकदाच म्हणाली, "तू तिथंच व्हतीस ना गं? मग हालली का न्हाईस?"

उत्तर माझ्याजवळ होतं, पण मला तोंड नाही. त्या दिवसापासून ती स्वतःलाच राधाची खुनी समजू लागली. पुन्हा दोघींनी त्या दुपारचा विषय काढला नाही.

माझ्या शेजारी हिप्पोकॅम्पस राहतो. काय, कुठे, कधी घडलं हे तो कारकुनासारखं टिपून ठेवतो. पण त्या दुपारी माझा इतका आरडाओरडा चालला होता, की त्याची नोंद अर्धीमुर्धीच झाली. वार गेला, ड्रायव्हरचा चेहरा गेला. माझ्याकडे धून तेवढी राहिली.

शालू लग्न होऊन बिबवेवाडीला आली. तोवर पुण्यात घरोघरी गाड्या झाल्या होत्या. रोज सकाळी पार्किंगमध्ये ती धून वाजायची आणि मी शालूच्या छातीत घंटा बडवायचो. तिच्या तळहातांना घाम सुटायचा, श्वास अडकायचा. 'अरे, ते तेव्हाचं, हे आत्ताचं,' असं मला सांगणार कोण? कारकुनाची वहीच अपुरी!

तिचा नवरा चेतन मनाने फार चांगला. त्याने खिडक्या लावून घेतल्या, मंडईतून भाजी तोच आणू लागला. "तू नको उतरूस खाली. मी आहे ना," म्हणायचा. झालं! ती उतरली नाही, काही वाईट घडलं नाही, आणि मला वाटलं, हे माझ्याच पहाऱ्यामुळे. मी अधिकच माजलो. सहा वर्षं शालू एकटी जिना उतरली नाही. मित्रांनो, मी तिची राखण करत नव्हतो, तिला कोंडून ठेवत होतो. आज मला त्याची लाज वाटते.

शेवटी चेतनने तिला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कागदावर मेंदूचं चित्र काढलं आणि माझ्यावर बोट ठेवलं. "शालूताई, तुमचे पाय तुम्ही नाही थांबवलेत. याने थांबवले. तुम्हाला विचारायला तो थांबलासुद्धा नाही."

"मग ह्याला आता विसरायला लावा," शालू म्हणाली.

"तो विसरत नाही. पण ती धून रोज थोडी थोडी ऐकवून त्याला नवं शिकवता येतं. वेळ लागेल, त्रासही होईल."

शालूने तो कागद मागून घेतला आणि चेतनला गाडी थेट माहेरी घ्यायला सांगितली. आई मेथी निवडत बसली होती. शालूने चित्र तिच्यापुढे धरलं.

"आई, मी मुद्दाम नव्हते गं उभी राहिले. पाय ऐकतच नव्हते माझं."

आईने जुडी खाली ठेवली. कागद हातात घेतला.

"मी दारातच व्हते की," ती म्हणाली. "टँकर दिसत व्हता मला. मी तरी कुठं हालले?"

मित्रांनो, तिच्याही डोक्यात माझ्यासारखाच एक पहारेकरी होता. स्वतःला विचारवेना म्हणून तिने तो प्रश्न लेकीला विचारला होता. संकटात थिजलेल्या माणसाला 'हलला का नाहीस' असं कधी विचारू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला काय दिसलं होतं, ते विचारा. शालूच्या आईला हे कुणी विचारलं असतं, तर शालूची सोळा वर्षं वाचली असती.