माजा जिम्मा

मनकर्णाची मोटर बोअरमधून वर काढली तेव्हा तिला करपट वास येत होता. पाइप ओढून ओढून आम्हा शेजाऱ्यांचे हात सोलले, पण मनकर्णा अगदी निवांत.

"असू द्या भावजी," ती मला म्हणाली. "वाढीव वारंटी हाय आपली."

ही वारंटी तिला दिली होती तिच्या सख्ख्या भावानं. बिभीषण नेकनूरला खरेदी-विक्री संघाच्या मोटरींच्या दुकानात कामाला. कंपनीची वारंटी एका वर्षाची. पुढच्या चार वर्षांचे पैसे वेगळे. भाऊबीजेला ओवाळून घेताना तो म्हणाला होता, "घे आक्का. पाच वर्सं मोटरीला काय बी हू दे, माजा जिम्मा." मनकर्णानं त्यासाठी गाभण शेळी विकली. मी नको म्हणालो, तर माझ्यावरच उखडली. "भाऊ मला बुडवंल व्हय?"

एक वर्ष सरलं आणि दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. ऐन उन्हाळ्यात मोटर जळाली, तेव्हा तिच्या मोसंबीची पानं वळायला लागली होती. झाडांना चार दिवसांत पाणी मिळालं नाही तर बाग जाणारच होती. आम्ही मोटर माझ्या टमटममध्ये टाकून नेकनूर गाठलं.

बिभीषणनं मोटर उलटीपालटी करून पाहिली. "आक्का, ही कोरडी चालली. कोरडी चाललेली वारंटीत बसत न्हाई."

"आरं, बोअरचं पाणी खाली गेलं. कोरडी चालंल न्हाई तर काय?"

"कंपनीचा नियम हाय."

"म्हंजी पाणी हाय तवर वारंटी? दुष्काळाच्या भ्यानंच तर घेतली म्या!"

माझं टाळकं सटकलं होतं, पण मनकर्णानं मला हातानंच थांबवलं.

"येक सांग बिभीषणा. देताना तुला ठावं व्हतं?"

बिभीषण फडकं घेऊन टेबल पुसायला लागला. "समद्यांनाच इकावी लागती, आक्का. न्हाई इकली तर नोकरी जाती."

"इक की समद्यांना. मी समद्यांतली व्हते का रं?"

एवढं बोलली आणि ती दुकानाबाहेर निघाली. मोटर जळाल्याचं तिला काही नव्हतं. तिला लागलं ते हे.

दुसरी मोटर घेऊन आणखी खोल सोडायची ऐपत नव्हती. महिन्याभरात मोसंबी उभी वाळली.

दिवाळीत बिभीषण आला. मला वाटलं, ती दारातूनच हाकलून लावील. पण तिनं पाट मांडला, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "पुढल्या साली तुला शेळी आणून देतो आक्का. माजा जिम्मा."

ताट खाली ठेवून मनकर्णा चुलीपाशी गेली आणि तिनं त्याच्या चहासाठी मोसंबीचं सरपण आत सारलं.